सासऱ्यांच्या एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी ‘असावा’ असे लिहिले असेल, तर बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणे) करावी का?

करावी. सुईने रोग पसरेल या भीतीने तुमच्या सासऱ्यांना थेट एकेटी (टीबीची औषधे) सुरू करा म्हणणारी मंडळी तुमच्याकडे आहेत, तशी आमच्याही घरात होती.

वेंगुर्ल्याजवळ आमची भातशेती आहे आणि वडिलांना जुना मधुमेह आहे. लावणी आटोपल्यावर त्यांना ताप आणि कंबरदुखी सुरू झाली. एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही (सुरुवातीचे काही आठवडे तो असाच फसवतो), म्हणून शेक आणि मलमांवर वेळ गेला. पुढे एमआरआयमध्ये दोन मणक्यांच्या मधे पू दिसला, तेव्हा थोरल्या काकांनी निकालच देऊन टाकला की मणका सडला म्हणजे टीबीच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, आणि काकांच्या लेखी मी ‘लघवी तपासणारा’. तरीही अँटिबायोटिकच्या आधी दोन्ही हातांतून रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला मी भाग पाडले. सीटी स्कॅनवर पाहत सुईने तुकडा काढला, तो सगळाच फॉर्मलिनच्या डबीत निघाला होता. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचे करणार? निम्मा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून घेतला आणि त्यातूनच मेलिऑइडोसिसचा जंतू वाढला. हा जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो, मधुमेही माणसाला विशेष गाठतो आणि टीबीच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्याची इंजेक्शने कित्येक आठवडे चालली, नंतर महिनोन्‌महिने गोळ्या.

काका अजूनही गणपतीत सर्वांदेखत म्हणतात की एकेटीनेही बरा झाला असता. तुमच्याकडच्या अशा जाणकारांना विचारा, मणक्याच्या टीबीची औषधे वर्षभर चालतात. मध्येच ताप पुन्हा चढला, तर अर्धवट औषधे पोटात गेल्यावर जंतू शोधायचा कोणी?

अर्थात आपल्याकडे टीबी निघण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे, म्हणून त्याच नमुन्याची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूची जनुके शोधणारी) मागा. ती काही तासांत होते आणि टीबीचे मुख्य औषध रिफॅम्पिसिन लागू पडेल का तेही सांगते, मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असे होत नाही. सासरे शेळीचे कच्चे दूध पीत असतील, तर ब्रुसेला या कच्च्या दुधातून येणाऱ्या जंतूची रक्ततपासणीही करा. रक्ताच्या कल्चरमध्येच स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू करणारा जंतू सापडला, तर बहुधा सुई टळेल. आणि पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर कोणत्याही रिपोर्टसाठी न थांबता त्यांना मणक्याच्या सर्जनकडे न्या.