वाचकांचे प्रश्न: बॅटरीच्या बस आल्या, मग ट्रॉलीबस कशाला?

प्रश्न : आता बॅटरीवरच्या बस रस्त्यावर आल्यात, तरी काही लोक अजून वरच्या तारांतून वीज घेऊन चालणाऱ्या ट्रॉलीबसचं कौतुक करतात. डोक्यावर तारांचं जाळं कशाला हवंय? ही टेक्नॉलॉजी जुनी झाली ना?

उत्तर : जुनी आहेच, खूप जुनी. १८८२ साली जर्मन इंजिनिअर वेर्नर फॉन सीमेन्सने बर्लिनजवळ हालेन्झेला साध्या रस्त्यावर तारेतून वीज घेणारी गाडी चालवून दाखवली होती, अंतर फक्त ५४० मीटर, आणि दीडेक महिन्यात तो प्रयोग बंद पण झाला. पण सायकलही त्याच शतकातली आहे, तिला कुणी टाकाऊ म्हणत नाही.

मला यातली मुख्य गोष्ट अशी वाटते की बसला लागणारी वीज एकतर पाठीवर घेऊन फिरायची नाहीतर चालता चालता मिळवायची. मोठ्या बॅटरी बसमध्ये साधारण ३००-४०० युनिटची बॅटरी असते, तिचं वजन दोन-अडीच टन तरी भरतं, म्हणजे पस्तीसेक माणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत न उतरता त्या बसमध्ये बसून आहेत असं समजा, आणि त्यांना ओढायला परत वीज लागतेच. शिवाय चार्जिंगला बस उभी राहते तेवढा वेळ ती कामाची नाही, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्या करायला जादा बस घ्याव्या लागू शकतात, डेपोत चार्जर बसवायला जागा लागते, रात्री सगळ्या बस एकदम चार्जिंगला लागल्या की तिथल्या वीजजोडणीवर लोड येतो तो वेगळाच. ट्रॉलीबसला यातलं काही नाही, ती धावते तिथेच तिला वीज मिळते आणि दिवसभर धावत राहते.

अजून एक, बॅटरी काही वर्षांनी थकते आणि बदलायचा खर्च मोठा असतो. वीजेची मोटार तशी थकत नाही. चिलीमधल्या वाल्पराइसो शहरात १९४०-५० च्या काळात बनलेल्या ट्रॉलीबस या शतकातही प्रवासी घेऊन धावल्या आणि २००३ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं. डिझेल बस इतकी वर्षं रोज धावली असं मी तरी ऐकलेलं नाही.

प्रश्न : पण तारेला बांधलेली बस म्हणजे पुढे रस्ता खोदलेला असला की अडकलीच ना?

उत्तर : बांधलेली म्हणता येणार नाही. तारेतून वीज घेणारे छतावरचे दोन लांब दांडे बाजूला वळतात, त्यामुळे बस तारेपासून साधारण चार-साडेचार मीटर बाजूला सरकू शकते, म्हणजे बंद पडलेल्या गाडीला लेन बदलून ओलांडून जाते, ट्रामला हे जमतच नाही. पण हो, पूर्वी वळणावर किंवा तारांच्या क्रॉसिंगवर दांडा निसटला की बस तिथेच थांबायची, ड्रायव्हरने खाली उतरायचं, मागे जाऊन दोरी ओढून दांडा परत तारेला लावायचा आणि तोवर मागे सगळी रांग. लोक या प्रकाराला वैतागायचे ते काही चूक नव्हतं.

आता मात्र चित्र खूप बदललंय आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या ट्रॉलीबसमध्ये एक छोटी बॅटरी असते, पूर्ण बॅटरी बसच्या मानाने अगदीच लहान, आणि बस तारेखाली असताना मोटार पण चालते आणि ही बॅटरी पण भरत जाते, इंग्रजीत याला इन-मोशन चार्जिंग म्हणतात. मग तार नसलेला भाग आला की दांडे आपोआप खाली येतात आणि बस बॅटरीवर पुढे जाते. म्हणजे पूर्ण रूटवर तारा टाकायची गरजच उरत नाही, निम्म्याच्या आसपास असल्या तरी काम भागतं. जुन्या देवळासमोरचा चौक, मोठं जंक्शन, पुलाखालची अरुंद जागा, जिथे तारा दिसायला वाईट किंवा लावायला अवघड, ते तुकडे सरळ मोकळे सोडायचे. रस्ता खोदलेला असला तर दुसऱ्या गल्लीतून वळवायची. तारांबद्दलची निम्मी तक्रार इथेच मिटते असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचं शहर डोंगराळ आहे, चढावर डिझेल बस अक्षरशः रडतात. ट्रॉलीबस चढेल का?

उत्तर : चढेल, आणि छान चढेल! चढ हा तर ट्रॉलीबसचा हक्काचा प्रांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ती जवळपास २३ टक्के चढ चढते, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २३ मीटर वर. वीजेची मोटार जागेवरूनच पूर्ण जोर लावते आणि वीज वरच्या तारेतून येत असल्याने चढावर बॅटरी रिकामी होण्याची चिंता नसते. इक्वाडोरची राजधानी कीतो समुद्रसपाटीपासून २८०० मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत डिझेल इंजिनाची ताकद कमी पडते, मोटारीला हवेशी काही देणंघेणं नाही, १९९५ मध्ये तिथे ट्रॉलीबस सुरू झाली. उतरताना ब्रेक लावला की मोटार उलटी जनरेटरसारखी वीज बनवते आणि ती तारेत परत जाते, त्याच वेळी दुसरी बस चढ चढत असेल तर ती तीच वीज वापरते. हे मला फार आवडतं, एक उतरते आणि दुसरीला वर चढायला हात देते.

काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात तर सिंफेरोपोल ते याल्टा असा ८६ किलोमीटरचा ट्रॉलीबसचा मार्ग डोंगर ओलांडून जातो.

प्रश्न : ट्रामला एकच तार पुरते मग ट्रॉलीबसला दोन का? आणि पावसात शॉक लागायची भीती नाही का?

उत्तर : ट्रामची वीज तारेतून येते आणि चाकांमधून रुळात परत जाते. ट्रॉलीबस रबरी टायरवर, रूळ नाहीत, म्हणून परतीची दुसरी तार. दाब साधारण ६०० किंवा ७५० व्होल्ट डीसी असतो. बसची बॉडी जमिनीला जोडलेली नसते म्हणून इन्सुलेशन दुहेरी ठेवतात, आणि कुठे गळती झाली तर बसमधलं यंत्र लगेच इशारा देतं. नीट देखभाल असेल तर पावसात बिनधास्त चढा.

प्रश्न : एवढं सगळं चांगलं असेल तर शहरांनी त्या बंद का केल्या?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. वेलिंग्टनने २०१७ मध्ये बंद केल्या, मॉस्कोचं नेटवर्क एकेकाळी जगात सगळ्यात मोठं होतं तेही २०२० मध्ये संपलं. तारा, खांब, सबस्टेशन यांचा पैसा आधी ओतावा लागतो आणि तीसचाळीस वर्षांनी ते सगळं बदलायची वेळ आली की हिशोब बघून बंद करायचा मोह होतो. डिझेल बस उद्या विकत घेऊन परवा रस्त्यावर आणता येते, तिला खांब लागत नाही.

म्हणून प्रत्येक रूटवर तारा टाका असं मी म्हणणार नाही. जिथे तासाला एकच बस जाते तिथे बॅटरी बसच बरी, एवढ्याशा वापरासाठी खांब रोवणं परवडणार नाही. पण जिथे दर चार-पाच मिनिटाला गच्च भरलेली बस लागते, दोन-तीन डब्यांची जोडबस लागते, तिथे एकाच तारेचा खर्च शेकडो फेऱ्यांमध्ये वाटला जातो. झुरिकमध्ये अशा गर्दीच्या रूटवर तीन डब्यांच्या, २४-२५ मीटर लांब ट्रॉलीबस धावतात.

आणि ज्यांच्याकडे तारा आधीच आहेत त्यांनी त्या उतरवायची घाई करू नये ही कळकळीची विनंती. प्रागने १९७२ मध्ये ट्रॉलीबस बंद केली होती, आणि २०१७ मध्ये त्याच शहराला एका चढाच्या रस्त्यावर नव्याने खांब रोवून परत तारा ओढाव्या लागल्या.