अमेरिकन गायिका एमिलू हॅरिसने स्वतःची गाणी फार लिहिली नाहीत, मग कंट्री-फोकमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या आणि लोकवळणाच्या संगीतात, तिला एवढा मान का?

मलाही आधी हेच वाटायचं. मी तिच्यापर्यंत पोचलो ब्रिटिश गिटारवादक-गायक मार्क नॉफ्लरमुळे, २००६ चा दोघांचा अल्बम, आणि खरं सांगतो, तेव्हा ही बाई मधेच कुठून आली असं झालेलं. मग मागे मागे जात ऐकत गेलो.

तिचं खरं कसब हार्मनीत, म्हणजे मुख्य गायकाच्या जोडीने गाण्यात आहे. आपल्याकडे तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसलेला शिष्य सूर धरतो ना, साधारण तसं, फक्त इथे मागचा आवाज वेगळे सूर लावतो आणि तरी मुख्य गाण्याला धक्का लागू द्यायचा नाही. बॉब डिलनच्या 'डिझायर' अल्बमवर ती आहे, तिथे रिहर्सल वगैरे काही नाही, त्याच्या ओठांकडे बघत गायलीय!

सुरुवात फोकचीच होती. १९६९ चा पहिला अल्बम आपटला, कंपनीचंही दिवाळं निघालं, पदरात लहान मुलगी, त्यामुळे आईवडिलांकडे परत जाऊन वॉशिंग्टनच्या क्लबांत गायची. तिथे ग्रॅम पार्सन्स हा गायक-गीतकार भेटला, त्याने तिला कंट्रीची गोडी लावली, आणि १९७३ मध्ये तो २६ व्या वर्षी गेला. त्या दुःखावरचं 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' मात्र तिने स्वतः लिहिलंय, बिल डॅनॉफबरोबर. १९७५ च्या अल्बममध्ये आहे, ऐकाच.

नंतर हिट्स, डॉली पार्टन आणि लिंडा रॉनस्टॅट या गायिकांबरोबरचा 'ट्रायो' अल्बम (१९८७), ते सगळं आहेच. मला भारी वाटतं ते नॅशव्हिलच्या राईमन थिएटरचं. १९७४ मध्ये ग्रँड ओल ऑप्री, म्हणजे कंट्री संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम, तिथून हलली आणि वास्तू ओस पडली. १९९१ मध्ये हिने तिथे लाईव्ह अल्बम रेकॉर्ड केला, बाल्कनी इतकी धोक्याची की वर काय, खालीही कोणाला बसू दिलं नाही, म्हणून जेमतेम दोनेकशे लोक. त्या कार्यक्रमांनी लोकांचं लक्ष परत तिकडे गेलं, दुरुस्ती झाली आणि १९९४ मध्ये थिएटर पुन्हा उघडलं. त्या लाईव्ह अल्बममधली गाणी बहुतेक दुसऱ्यांचीच हां.

कंट्री रेडिओने तिला वाजवणं जवळपास बंद केलं तेव्हा ती यूटू या रॉक बँडच्या प्रोड्युसरकडे, डॅनियल लॅन्वाकडे गेली आणि ४८ व्या वर्षी 'रेकिंग बॉल' काढला, आवाज जरा खरखरीत झालेला पण माझ्या मते तिचा सगळ्यात भारी अल्बम हाच. आणि तुम्हाला तिचीच गाणी हवी असतील तर २००० चा 'रेड डर्ट गर्ल' घ्या, त्यातली जवळपास सगळी तिने लिहिलीत, वय तेव्हा ५३.