दोन सर्व्हरमधलं फाइल रेप्लिकेशन बंद पडलंय, रेप्लिकेशन ग्रुप (सर्व्हरांची जोडणी) उडवून नव्याने बनवू का?

नका उडवू. निदान लॉग पाहिल्याशिवाय तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय की अंबडचं ऑफिस आणि सिन्नरचा प्लँट, दोन्हीकडे विंडोज सर्व्हर 2012 आहे. अंबडला लाईट जाऊन आल्यापासून तीन आठवडे इकडच्या फाइली तिकडे जात नाहीत, पण डीएफएस रेप्लिकेशनची (दोन सर्व्हरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारी विंडोजची) सर्व्हिस मात्र ‘रनिंग’ दिसते. मी सातपूरला एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. हे दुखणं मी भोगलेलं आहे.

सर्व्हिस चालू आहे म्हणजे रेप्लिकेशन चालू आहे असं नाही. अंबडच्या सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) डीएफएस रेप्लिकेशनचा लॉग उघडा आणि लाईट गेली त्या तारखेला 2213 नंबरचा इव्हेंट आहे का बघा. सर्व्हर अचानक बंद पडला की या सर्व्हिसचा डेटाबेस नीट मिटत नाही. मग सर्व्हर 2012 मध्ये ती त्या व्हॉल्यूमचं (डिस्कच्या त्या भागाचं) काम थांबवून तुमच्या आदेशाची वाट बघत बसते. सर्व्हर 2012 आर2 पासून ती आपोआप पुढे सुरू होते, जुन्यात नाही. आदेश त्या इव्हेंटच्या मजकुरातच व्हॉल्यूमच्या आयडीसकट लिहिलेला असतो. आधी दोन्हीकडच्या फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच तो आदेश कॉपी करून ॲडमिन अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर चालवा. 2214 आला की रिकव्हरी झाली म्हणायची.

आता ग्रुप का उडवायचा नाही ते सांगतो. नवा ग्रुप केला की एक सर्व्हर प्रायमरी ठरवावा लागतो, आणि पहिल्या सिंकमध्ये प्रायमरीचीच फाइल जिंकते, समोरची नवी असली तरी. तुम्ही अंबड प्रायमरी केलंत तर सिन्नरवाल्यांनी बदललेल्या फाइली लपवलेल्या ‘डीएफएसआर प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये जाऊन पडतील, आणि त्यांच्या हातात जुन्या येतील. जुनाच ग्रुप पुढे चालवला तर दोन्हीकडे बदललेल्या फाइलीत शेवटी सेव्ह केलेली टिकते. तेही धोक्याचंच, म्हणून तर बॅकअप.

आमच्याकडे 2213 दोन महिने कोणी पाहिलाच नाही. साठ दिवस उलटले आणि 4012 आला, म्हणजे या सर्व्हरचा माल शिळा झालाय असं धरून सर्व्हिस त्याला रेप्लिकेशनमध्ये घेतच नाही. पण आम्हाला कळलं ते लॉगवरून नाही. सुपरवायझर एका हातात जॉब (बनवलेला पार्ट) आणि एका हातात व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) घेऊन केबिनमध्ये आले. शॉपच्या पीसीवर ड्रॉइंग रेव्हिजन ‘बी’ होतं, डिझाइनकडे ‘डी’, आणि मधल्या काळात बोअरचं (पार्टमधल्या भोकाचं) माप बदललेलं. अख्खी बॅच रिजेक्ट झाली. त्या माणसाने मापात काहीही चूक केली नव्हती, ही गोष्ट मला अजून लागते. तुमचे तीनच आठवडे झालेत, म्हणजे अजून वेळ आहे.

2213 नसेलच, तर ‘डीएफएसआर डायग’ या कमांडने बॅकलॉग (जायच्या बाकी असलेल्या फाइलींचा आकडा) काढा, आणि तो दोन्ही दिशांनी काढा, कारण एक दिशा शून्य असूनही दुसरी तुंबलेली असते. आकडा हलतो पण फार हळू उतरतो, तर स्टेजिंग कोटा (पाठवण्याआधी फाइली तात्पुरत्या ठेवायच्या जागेची मर्यादा) बघा. तो मुळात 4 जीबी असतो, आणि कॅडच्या मोठ्या असेंब्ली असल्या की पुरत नाही. फोल्डरमधल्या सर्वात मोठ्या 32 फाइलींची बेरीज करून किमान तेवढा ठेवा. ठरावीक फाइलीच जात नसतील तर त्या कोणाकडे दिवसभर उघड्या राहतात का ते विचारा. उघडी, लॉक असलेली फाइल बंद होईपर्यंत जात नाही. ‘बॅक’ आणि ‘टीएमपी’ एक्स्टेन्शनच्या फाइली तर मूळ सेटिंगमध्येच वगळलेल्या असतात.

आणि अंबडच्या यूपीएसची बॅटरी याच आठवड्यात लोड देऊन तपासा. आमची नुसती दिवा दाखवत होती.

लॉगमध्ये कोणता नंबर दिसतो आणि बॅकलॉगचे दोन्ही आकडे काय येतात ते इथे टाका, मी संध्याकाळी बघतो.