डेंग्यूमुळे परीक्षा बुडाली तर नागपूर विद्यापीठात काय मागता येतं?

तुमचा प्रश्न असा की हिवाळी परीक्षेच्या तोंडावर डेंग्यूमुळे सहा दिवस मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती व्हावं लागलं. अंतर्गत चाचणी आणि एक प्रॅक्टिकल बुडालं, एक पेपर दिलाच नाही, एक तापात दिला. बाकीच्या पेपरांवरून सरासरी गुण मिळतील का?

नाही मिळणार. आजारपण बघून गुण वाढवण्याची सोय आपल्याकडे नाही. ग्रेसचे गुण ठरलेल्या नियमाने लागतात, त्यासाठी डिस्चार्ज कार्ड जोडून उपयोग नाही. म्हणून अर्जात गुण मागूच नका, संधी मागा. आणि ती त्या त्या गुणांचा कागद ज्याच्या टेबलावर आहे त्याच्याकडे मागा, तो कागद पुढे सरकायच्या आत.

बऱ्याच अभ्यासक्रमांत लेखीचे ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. हे २० कॉलेजच्या हातातले. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज द्या आणि फेरचाचणी किंवा असाइनमेंट मागा. कॉलेजने पोर्टलवर गुण भरून लॉक केले की मग प्राचार्यांनाही विद्यापीठाची परवानगी लागते, आणि इथेच घोडं पेंड खातं. तेव्हा पहिला अर्ज याचाच.

प्रॅक्टिकलला घाई त्याहून जास्त. ते बॅचनुसार चालतं, त्यामुळे शेवटची बॅच व्हायच्या आत सांगितलं तर तुम्हाला पुढच्या बॅचमध्ये बसवणं सोपं असतं. बाहेरून आलेले परीक्षक गुणपत्रकावर सही करून गेले की तोच विषय परीक्षा विभागापर्यंत जातो. भरती असाल तर घरच्या कुणाला तरी अर्ज घेऊन पाठवा, बरं होण्याची वाट पाहू नका.

न दिलेल्या लेखी पेपरासाठी एकट्याची वेगळी परीक्षा होत नाही. गुणपत्रिकेवर गैरहजर लागतं, पेपर बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या विषयांत जातो. एटीकेटीच्या (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) हिशेबात तो कसा धरला जाईल हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या अध्यादेशात पाहा. बाबूच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तापात दिलेल्या पेपराचं काही होत नाही. तपासणाऱ्यापुढे फक्त उत्तरपत्रिका असते. छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन हे मार्ग बेरीज चुकली, उत्तर तपासायचं राहिलं किंवा उत्तराला गुण कमी दिले अशासाठी. तुमची तब्येत तिथे मोजली जात नाही. नापास काय आणि गैरहजर काय, पेपर पुन्हा द्यावाच लागतो. मग प्लेटलेट उतरत असताना तीन तास बाकावर बसायचं कशाला?

आता कागद. निम्मे अर्ज इथेच मार खातात. डिस्चार्ज कार्डावर भरती आणि सुटीची तारीख दोन्ही हव्यात आणि बुडालेली परीक्षा त्या तारखांमध्ये बसली पाहिजे. तपासणीचे रिपोर्ट सोबत जोडा. खासगी डॉक्टरचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक, शिक्का आणि आजाराचं नाव पाहून घ्या. नुसतं ‘विश्रांतीचा सल्ला’ लिहिलेली आणि पंधरा दिवसांनी आणलेली चिठ्ठी कोणीही बाजूला सारतो. दवाखान्यात घाईत घरचं नाव नोंदवलं गेलं असेल तर ते तिथूनच दुरुस्त करून घ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, द्यायची ती स्वसाक्षांकित प्रत. अर्जात नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक, विषयाचा कोड, बुडालेली तारीख आणि नेमकी मागणी लिहा. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ एवढंच लिहिलं तर समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का नाही म्हणजे अर्ज नाही.

उत्तरच आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र फेरतपासणीची मागणी लोकपाल सहसा ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. ‘आजारी होतो, गुण कमी पडले’ ही तक्रार तिथे टिकणार नाही. ‘शेवटच्या बॅचच्या दोन दिवस आधी अर्ज दिला, हा शिक्का, तरी बसवलं नाही’ ही टिकू शकते.

हजेरीचं प्रकरण वेगळं असतं, ते यात मिसळू नका. ७५ टक्क्यांचा हिशेब कॉलेज करतं आणि त्यावरून पुढचा परीक्षा अर्ज अडू शकतो. त्याच डिस्चार्ज कार्डाची आणखी एक प्रत जोडून त्या सहा दिवसांचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा.