‘माझंच आहे काहीतरी’

पत्र असं आहे:

‘ताई, आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला राहतो. दोनदा पुराचं पाणी सोप्यात आलं, म्हणून शेवटी आर. के. नगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पुढच्या महिन्याच्या १० तारखेला जायचं ठरलंय. माझं डोकं उठलंय ते सासूबाईंच्या भांड्यांनी. तांब्याचा बंब, दोन घागरी, घंगाळ, हंडा, परात, पितळेची सात पातेली, शिवाय पाटा-वरवंटा, सगळं न्यायचं म्हणतात. नव्या घरात गिझर आहे, मिक्सर आहे. मी म्हटलं मोडीत घालू, तर दोन दिवस बोलल्या नाहीत. हे मध्ये पडत नाहीत, टेम्पो सांगून मोकळे झालेत. माझी बाकी तयारी होत आली. माझे तीन खोके तर माळ्यावर २०१९ पासून बांधलेलेच आहेत. पाणी चढताना घाईघाईत भरलेले. काय आहे ते नीट आठवत पण नाही, माझंच आहे काहीतरी, ते तसेच टेम्पोत चढवायचे. प्रश्न फक्त भांड्यांचा आहे. सासूबाईंना कसं समजावू?
– सामानात बुडालेली’

नका समजावू.

तेवढं बळ दुसरीकडं लावायचंय. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या तेरा भांड्यांची यादी आहे, एकूण एक. तीन खोक्यांना मात्र जाता जाता दोन ओळी, आणि त्यात ते तीन शब्द: ‘माझंच आहे काहीतरी’. अहो बाई, दुसऱ्याच्या पातेल्यांची संख्या तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि स्वतःच्या खोक्यात साडी आहे का रद्दी, हे ठाऊक नाही. तरी ते न उघडता नव्या घरात न्यायला निघालात. मग अडगळ कुणाची?

सासूबाईंना विचारून बघा, हा हंडा कुठला. कुणाच्या लग्नात आला, कल्हई शेवटची कधी लावली, कड कशानं चेपली, सगळं सांगतील. ज्या बाईला आपलं सामान इतकं माहीत आहे, तिची बाजू मला घ्यायची गरज नाही. तिची ती समर्थ आहे. मला बोलायचंय ते तुमच्या माळ्याबद्दल.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. तुम्ही ते खोके भरले तेव्हा बाहेर पाऊस, दिवे गेलेले किंवा जायच्या बेतात, आणि हाताला लागेल ते आत. त्यातलं निम्मं दमट असणार. मग खाली पाणी साचलेलं असताना ते दिवसेंदिवस माळ्यावर, वाफाऱ्यात. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हाही तिथंच. पुठ्ठा टिपकागदासारखा असतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि आतल्या वस्तूंना देत राहतो. शिवाय नालीदार पुठ्ठ्याचे थर चिकटवतात ते बहुधा पिठाच्या खळीनं. ती कसरीला आवडते, झुरळांना तर पुठ्ठ्याच्या नळ्यांत अंडी घालायला आयती जागा. असे खोके तसेच उचलून नव्या फ्लॅटच्या कोऱ्या प्लायवूडच्या कपाटाशेजारी ठेवलेत, तर गृहप्रवेश तुमच्या आधी त्यांचा होईल.

आणि ‘बांधलेलेच आहेत’ म्हणता ना, ते बांधलेले नाहीत. तपकिरी चिकटपट्टीचा गोंद इतक्या वर्षांत वाळून जातो. पट्टी दिसते जागच्या जागी, पण नुसती टेकलेली असते. वरून खोका धड वाटतो, दगा देतो तो तळ. हमाल दोन बाजूंनी धरून उचलणार आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तुमचं ‘काहीतरी’ सगळ्या गल्लीसमोर सांडणार. ज्यांना उघडायला तुम्ही वेळ दिला नाही, ते असे उघडतील.

का उघडले नाहीत, याचा अंदाज मला आहे. पाणी उतरल्यावर आधी चिखल काढायचा होता. मग गाद्या, मग फ्रीज, मग पंचनामा, मग मुलांची दप्तरं, मग सासूबाईंचं देवघर. सगळ्यांचं जागेवर लागलं आणि तुमचं तेवढं माळ्यावर राहिलं, कारण त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. पुढं वाटलं असेल, पाणी परत येणारच, कशाला काढा. त्यानंतर वाटलं असेल, फ्लॅट घेतल्यावर बघू. त्या घरात तुम्ही इतकी वर्षं निघायच्या तयारीत राहिलात, बाई. सासूबाईंच्या परातीला तिथं खुंटी आहे आणि तुमच्या वस्तूंना फडताळाचा एक कप्पासुद्धा नाही. तुमचा राग परातीवर निघतोय, पण परातीनं तुमचं काही घेतलेलं नाही.

म्हणून एकच सांगते. येत्या रविवारी ते तीन खोके उघडायचे. बाकीची बांधाबांध त्या दिवशी बंद.

ते खाली काढायचं काम तुमच्या यजमानांचं. टेम्पो सांगून मोकळं होता येत नाही, असं माझ्या वतीनं त्यांना सांगा. खोका कडेला धरून ओढायचा नाही. माळ्यावरच एक जाड चादर पसरायची, खोका तिच्यावर सरकवायचा, चारी पदर वर घेऊन बोचकं बांधायचं आणि बोचकंच दोघांनी मिळून खाली घ्यायचं. तळ सुटला तरी माल चादरीत राहतो. शिडी खाली तिसऱ्यानं धरायची.

उघडायचे परड्यात, सकाळी आठच्या सुमाराला. घरात नको, आणि पंखा लावून तर नकोच. बुरशीची धूळ सगळीकडं उडते. तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगावर टाकाऊ गाऊन. पट्टी ओढू नका, कापा. वरचा कागद झटकू नका, गुंडाळी करून पिशवीत टाका. रिकामा झालेला खोका परत वापरायचा मोह होईल, करू नका. चांगले खोके लक्ष्मीपुरीत किराणा दुकानांतून मिळतील. बिस्किटांचे मऊ असतात, तेलाच्या पाकिटांचे घट्ट.

आत काय निघेल ते मला माहीत नाही, पण पुराच्या घाईत बाया काय उचलतात ते माहीत आहे. साड्या, फोटो, कागद, आणि कुठलंतरी घड्याळ.

साड्या निघाल्या तर सावलीत, वाऱ्यावर दोन तास. उन्हात रेशीम घालू नका. इतकी वर्षं एकाच घडीवर असलेलं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून उलगडताना ओढून सरळ करायचं नाही, हातांवर तोलून घ्यायचं. घडी नव्या ठिकाणी घाला. जरीला वर्तमानपत्र नको, प्लास्टिक नको, डांबराची गोळी टेकायला नको, तिन्हींनी ती काळवंडते. धुतलेलं पांढरं धोतर किंवा मलमल गुंडाळा.

फोटो एकमेकांना चिकटले असतील तर नखानं सोडवायला जाऊ नका, तोंडंच निघून येतील. आधी जो वर दिसतोय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्टुडिओत धुतलेले रंगीत फोटो असतील तर परातीत (हो, सासूबाईंच्याच) स्वच्छ साधं पाणी घेऊन त्यात अर्धा तास भिजू द्या. बरेचदा आपसूक सुटतात. सुटले की तोंड वर करून प्लास्टिकवर सावलीत वाळवायचे. नाही सुटले तर तसेच राहू द्या, जबरदस्ती नको. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालायचे नाहीत, शाई पसरते. फार जुने कृष्णधवल असतील तर हात न लावता जाणत्या फोटोग्राफरला दाखवा.

मार्कलिस्ट, दाखले दमट असतील तर दोन-दोन पानांमध्ये कोरा पांढरा कागद घालून वर सपाट वजन, दर काही तासांनी कागद बदलायचे. लॅमिनेशन केलेलं असेल तर सोलू नका. घड्याळात किंवा बॅटरीत जुने सेल राहिले असतील तर फुटून पांढरा-निळसर खार आला असेल. हातमोज्यानं काढा, डबीतल्या पट्ट्यांना कापसानं किंचित व्हिनेगर लावून कोरडं पुसा. औषधं निघाली तर टाकून द्या, तारीख बघत बसू नका.

हे सगळं सासूबाईंसमोर करायचं. सोप्याच्या दारात त्यांना खुर्ची टाकून द्या. आडून ऐकवायला नव्हे. तुम्ही स्वतःच्या एकेका वस्तूबद्दल ‘ठेवू’, ‘नको’ असं म्हणताना त्यांनी ऐकलेलं बरं. जिला स्वतःचं काही टाकताना कधी पाहिलं नाही, ती सून ‘मोडीत घाला’ म्हणाली तर कुठली सासू बोलेल?

आता भांडी. पटापट सांगते, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. तेरा भांडी मिळून फार तर ५०-५५ किलो भरतील. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास ओढतो. पितळ फुटत नाही, कुजत नाही, त्याला कसर लागत नाही. आणि तुम्ही खोके गोळा करत फिरताय, घरात तेरा मजबूत खोके उभे आहेत. सातही पातेली एकात एक जातात, मध्ये जुन्या साडीचा एकेक तुकडा, सगळ्यात आतल्यात वाट्या, आणि सुतळीनं आडवं-उभं बांधायचं. घंगाळात दुमडलेले टॉवेल आणि त्यात काचेचे बाउल. हंड्यात डाळी, कापडी पिशव्यांत बांधून. घागरीत जुने मोजे, फडकी घट्ट भरा, म्हणजे बाहेरून दणका बसला तरी पोचा पडत नाही. चटणीची बरणी टेम्पोत देऊ नका. तोंडावर दादरा घट्ट बांधून ती सासूबाईंच्या मांडीवर, रिक्षात. वर्षाची चटणी आहे, हमालाच्या भरवशावर सोडायची नसते.

पाटा पोत्यात गुंडाळून केबिनच्या पाठीशी, कडेवर उभा. आडवा ठेवून वर काही रचलं तर खड्ड्यात आदळून तडकतो. आरशाच्या कपाटाला वाकळ बांधा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्या, उभाच न्या, पोचल्यावर तीन-चार तास थांबून चालू करा. पुस्तकांचा खोका छोटा, १२ किलोच्या वर नको. बाकी तुम्हाला कळतं.

राहिला बंब. गिझर आहे, खरं आहे. पण तिसऱ्या मजल्यावर बंब पेटवणार नाही एवढं सासूबाईंनाही कळत असणार. त्यांना तो सोबत हवा असेल तर ठेवा गॅलरीच्या कोपऱ्यात. दोन फुटांची जागा आहे. तुमच्या न उघडलेल्या तीन खोक्यांनी त्याहून जास्त अडवली असती.

खोक्यांतून जे ठेवायचं ठरेल ते नव्या खोक्यात भरा. एकच पुरेल, बघा. तळाला पट्टी दोन पदरी मारा, मधल्या फटीवर एक उभी आणि दोन्ही कडांना आडव्या. वर ‘इतर’ लिहू नका, ‘किरकोळ’ तर अजिबात नको. जाड मार्करनं तुमचं नाव लिहा, आणि त्याखाली नव्या घरातली जागा: ‘बेडरूम, कपाट, मधला कप्पा’. तो कप्पा आजच यजमानांना सांगून ठेवा, नाहीतर त्यांच्या फायली तिथं आधी पोचतील. १० तारखेला संध्याकाळी दूध उतू गेलं, चहा झाला की पहिला हाच खोका उघडायचा, स्वयंपाकघराच्या आधी. त्या रात्री जेवण बाहेरून मागवा.

आणि बंबाच्या तोटीला चिंधी गुंडाळा. टेम्पोत पहिली तीच वाकते.