मे महिन्यातली अलास्का क्रूझ: जायचं तर काय बघून

मे मधे अलास्का म्हणजे गारठा असणारच, पण घाबरू नकोस, जुनोला (अलास्काची राजधानी) दिवसा १०-१५ डिग्री असतं, खरी थंडी डेकवर वाऱ्याची लागते, त्यामुळे एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर्मल, फ्लीस आणि वर वॉटरप्रूफ असं एकावर एक घाल, कानटोपी हवीच. (छत्री नको, वाऱ्याने उलटी होते.) तिकडे मे त्यातल्या त्यात कोरडा, भाडं जुलैपेक्षा बहुतेक कमी, डास जवळपास नाहीत आणि स्कॅगवे बंदरातून डोंगरात चढणाऱ्या व्हाइट पास रेल्वेतून वर अजून बर्फ दिसतो. व्हेल हवाईहून परत यायला लागलेल्या असतात. पण नदीत सॅमन मासे पकडणारी अस्वलं बघायचीत ना? मग मे नको, सॅमन मुख्यतः जुलैपासून नदीत वर चढतात. एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद खाडीत तरंगता बर्फ जास्त असला तर कॅप्टन जहाज मागे फिरवतो, तिथे वाद घालून उपयोग नाही. आणि हो, भारतीय पासपोर्ट असेल तर बुकिंगआधी अमेरिकेचा व्हिसा बघ, व्हँकुव्हरहून निघालास तर कॅनडाचाही लागतो आणि सिएटलवाली जहाजं पण बहुतेक कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतातच, लोक नेमके इथेच अडकतात.