तक्त्यातल्या आकड्यावर थांबू नकोस

नागपूर

प्रिय बेटा,

बायोटेकला आल्यावरही थर्मोडायनॅमिक्स पाठ सोडत नाही, वाफेच्या इंजिनांचा हा विषय पेशीत कशाला, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. तुला तो रुक्ष वाटतो, कारण तक्ते पाठ करायला लावतात आणि तिथेच सोडून देतात. खरा विषय त्यापुढे सुरू होतो.

ग्लायकोलिसिसमधली, म्हणजे पेशी ग्लुकोज फोडते त्या साखळीतली, आल्डोलेज या एन्झाइमची पायरी उघड. सहा कार्बनांच्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. तिचा प्रमाण डेल्टा जी, म्हणजे प्रमाण स्थितीतला मुक्त ऊर्जेतला बदल, मोलमागे +23.8 किलोजूल; हा बदल ऋण असेल तरच अभिक्रिया आपोआप पुढे जाते. एवढा मोठा धन आकडा दिसला की मुलं लिहून मोकळी होतात, ‘अभिक्रिया आपोआप होणार नाही’. आणि तुझ्या तांबड्या रक्तपेशींत ती आत्ता, या क्षणी चालू आहे! तो आकडा प्रत्येक घटक एक मोलर असतानाचा. रक्तपेशीत हे रेणू मायक्रोमोलरमध्ये मोजावे लागतात. सोयीसाठी तिन्ही 100 मायक्रोमोलर धर. एकाचे दोन होतात, म्हणून क्यू (तयार झालेल्या रेणूंच्या संहतींचा गुणाकार भागिले मूळ रेणूची संहती) येतो 0.0001. तापमान 310 केल्विन, आरटी (वायुस्थिरांक गुणिले तापमान) 2.58 किलोजूल. क्यूच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने गुण, उत्तर −23.8 च्या आसपास. ते +23.8 मध्ये मिळवलं की पेशीतला खरा डेल्टा जी जवळजवळ शून्य! पुढच्या पायरीने तयार झालेले रेणू उचलले की अभिक्रिया पुढे सरकते. हे गणित स्वतःच्या हाताने कर. माझ्या मते अख्ख्या चयापचयाच्या प्रकरणात याहून मोलाचं अर्धं पान नाही.

पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीच्या विघटनाचंही तेच. पुस्तकात मोलमागे −30.5 किलोजूल, जिवंत पेशीत −50 च्या घरात. प्रयोगशाळेतही आकडा परिस्थितीवर ठरतो: प्रायमरचा (डीएनएच्या छोट्या तुकड्याचा) क्रम तोच ठेवून बफरमधलं मीठ कमी केलंस तर त्याचं टीएम, म्हणजे जोडीच्या साखळीपासून सुटण्याचं तापमान, घसरतं, म्हणून टीएम काढताना आपल्याच बफरचे आकडे घालत जा.

आता कारखान्यात ये, कारण नोकरी बहुधा तिथेच लागेल. हवेवर वाढणारे सूक्ष्मजीव ऑक्सिजनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे 460 किलोजूल उष्णता सोडतात. दहा हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत) दर लिटरला, दर तासाला 0.1 मोल ऑक्सिजन लागत असेल तर उष्णता होते जवळपास 128 किलोवॅट. ढवळणाऱ्या पंख्याची उष्णता वेगळीच. ती बाहेर काढली नाही तर यीस्ट मरेल.

आपल्याकडे नवखा इंजिनिअर मे महिन्याला भितो. पण फर्मेंटर थंड करणारं कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली (ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्याखाली) जाऊ शकत नाही, आणि ते तापमान आर्द्रतेवरही ठरतं. मे महिन्यात हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर वेट बल्ब 24 च्या आसपास. ऑगस्टमध्ये 30 अंश आणि 80 टक्के असेल तर 27. टॉवरमधून पाणी त्याहूनही दोन-चार अंश गरमच निघतं. यीस्ट 30 अंशांवर वाढवत असशील तर पावसाळ्यात उष्णता काढायला तापमानातला फरकच उरत नाही, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावावाच लागतो. पाऊस लागला की नागपुरातला प्रत्येक घरचा कूलर नुसती दमट हवा फेकतो, ते याच कारणानं. भर उन्हाळ्यात आपलं शरीरही घामाच्या बाष्पीभवनावरच तगतं, कारण बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते आणि दुसऱ्या कुठल्याच वाटेने उष्णता बाहेर पडत नाही.

एन्थाल्पी, एंट्रॉपीच्या व्याख्या परीक्षेपुरत्या कर, त्यांचा अर्थ पुढे कॅलोरीमीटरवर बसलीस की आपोआप उलगडेल. मात्र सेल्सिअस आणि केल्विनमध्ये कधीही हयगय करू नकोस. आणि डेल्टा जी ऋण आला म्हणजे अभिक्रिया झटपट होईल असं समजू नकोस. वेगाचा प्रश्न वेगळा, तो एन्झाइमचा.

पुढच्या भेटीला एक गणित सोडवून आण. बायोगॅसच्या टाकीत प्रोपियोनेटचं अ‍ॅसिटेट होतं. प्रमाण डेल्टा जी +76 किलोजूल, तरीही ते घडतं. त्यात हायड्रोजनचे तीन रेणू सुटतात, म्हणून त्याचा दाब क्यूमध्ये तिसऱ्या घातात येतो. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन सतत खात असतात. बाकीचे घटक तूर्त प्रमाण स्थितीत ठेव आणि दाब किती खाली गेला की चिन्ह बदलतं ते काढ. मग अ‍ॅसिटेटची खरी संहती घालून पुन्हा बघ.

तुझे सर